खुलासा : '२४ इंची' लिहिलेला प्रत्येक टायर क्रूझर बीएमएक्सला बसत नाही

क्रूझर बीएमएक्स म्हणजे शर्यती आणि उड्यांसाठीच्या बीएमएक्स सायकलचा मोठ्या, २४ इंची चाकांचा प्रकार. 'क्रूझर बीएमएक्सचं चाक २४ इंची, म्हणजे २४ लिहिलेला कुठलाही टायर घ्या, चालतो' असं मी आधी लिहिलं होतं. ते चूक आहे. तेच वाक्य आता फिरतंय, म्हणून हा खुलासा.

२४ हा आकडा ढोबळ आहे. खरं माप टायरच्या कडेवर कोरलेलं असतं, उदाहरणार्थ ५०-५०७. त्यात ५० ही टायरची रुंदी आणि ५०७ हा टायर रिमवर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. क्रूझरमध्ये दोन मापं चालतात : रुंद टायरसाठी ५०७ आणि शर्यतीच्या अरुंद टायरसाठी ५२०. फरक फक्त १३ मिलिमीटरचा, पण ५०७ चा टायर ५२० च्या रिमवर चढतच नाही. उलट जोडी जास्त घातक : टायर सहज चढतो, मात्र सैल राहतो आणि हवा भरताना किंवा उडीनंतर रिमवरून निसटू शकतो. २० इंची चाकांतही ४०६ आणि ४५१ असा हाच घोळ आहे.

टायर घेण्याआधी जुन्या टायरवरचा तीन आकडी व्यास वाचा. माझा आधीचा मजकूर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा द्या.