सडक्या कांद्याचा भोंगा

खऱ्या जगातली समस्या सोडवणारं यंत्र बनवा, असं सांगणाऱ्या स्पर्धांचा घोळ एकच. यंत्र आधी सुचतं, समस्या नंतर शोधत फिरावं लागतं. माझ्याकडे ईएसपी-३२ हा छोटा संगणक-बोर्ड होता, बजर म्हणजे भोंगा होता, जंपर वायरींचा गुंता होता. स्पर्धेच्या अर्जातला पहिलाच रकाना मात्र 'ही समस्या कोणाची?'

कॉलनीत विचारायची सोय नव्हती. काकूंना कबुतरं घालवायचं यंत्र हवं होतं आणि काकांना नाशिकच्या द्वारका चौकातली वाहतूककोंडी सुटेल असं. काकांचं एकवेळ समजू शकतो, पण बक्षिसाच्या रकमेत ते बसत नव्हतं.

तसं नाशिकला हे वेड नवीन नाही. २०१५च्या कुंभमेळ्याआधी इथे मेळ्यातल्या अडचणींवर तंत्रज्ञानाने उपाय शोधणारी कुंभथॉन झाली, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर त्यामागे होते. बाहेर तर हे फारच पुढे गेलंय. यंत्रं बनवणाऱ्यांच्या जागतिक स्पर्धेत, २०१४च्या पहिल्या हॅकडे प्राइझला, मोठं बक्षीस होतं अंतराळसफर, नाहीतर रोख रक्कम. उपग्रहांचे संदेश पकडणारी केंद्रं सगळ्यांना उभारता यावीत म्हणून ग्रीसच्या मंडळींनी सॅटनॉग्स केलं, जिंकले आणि रोख घेतली. हिशोबी माणसं! पुढच्या वर्षी डोळ्यांच्या हालचालीवर व्हीलचेअर चालवणारं आयड्रायव्होमॅटिक जिंकलं. हे वाचून माझ्या बजरची मलाच लाज वाटू लागली.

शेवटी समस्या मामांकडे सापडली. निफाड तालुक्यात त्यांची कांदाचाळ आहे. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा चाळीत भरायचा आणि भाव बघत बघत दिवाळीपर्यंत काढायचा. मध्ये पावसाळा. हवा दमट झाली की एखादा कांदा आतून सडतो, शेजारच्याला पाणी लावतो आणि वरून चाळ अगदी ठणठणीत दिसते. सडण्याचा वास यंत्राने आधी पकडला की काम फत्ते.

एमजी रोडवरच्या दुकानात हवेतले वायू ओळखणारा एमक्यू-१३५ सेन्सर मागितला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "कॉलेज प्रोजेक्ट का, काका?" हो म्हणावं तर काका कुठल्या कॉलेजात, आणि नाही म्हणावं तर हवाय कशाला? "मुलाचा आहे," म्हणालो. मला मूल नाही.

या सेन्सरच्या पोटात बारका हीटर असतो. तो टिन ऑक्साइडचा थर तापवतो आणि हवेत वायू आला की थराचा रोध बदलतो. वापरण्याआधी दिवसभर तापवून घ्यावा लागतो, म्हणून देवघराशेजारच्या प्लगवर तो तापत ठेवला. आईने त्याला फक्त हळदकुंकू वाहायचं बाकी ठेवलं होतं. पण हा गडी भोळा. अमोनिया असो, अल्कोहोल असो की धूर, हवेत काहीतरी आहे एवढंच त्याला कळतं. आईने हिंग-मोहरीची फोडणी दिली, भोंगा वाजला. उदबत्ती लावली, वाजला. बाबा दाढी करून आफ्टरशेव्ह लावून आले, वाजला. ते मनाला लावून घेतात. फोडणीला गप्प बसावा म्हणून मर्यादा वाढवली, तर खास मागवलेल्या सडक्या कांद्यासमोर साहेब ढिम्म.

उपाय निघाला तो असा: फोडणीचा वास थोड्या वेळात विरतो, सडण्याचा वाढतच जातो. तेव्हा क्षणाचा आकडा सोडून तासाभराची सरासरी बघायची. यावर मी बेहद्द खूश होतो, तेवढ्यात यंत्रासाठी मी थ्रीडी प्रिंटरवर काढलेली डबी बाबांनी हातात घेतली. सातपूरच्या टूलरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलंय. एक शब्द न बोलता कपाटातून व्हर्नियर काढला, झाकणाचे चारही कोपरे मोजले आणि डबी परत टेबलावर ठेवली. दोन बोटांनी.

राहिला दोन मिनिटांचा व्हिडिओ. "मामा, तुम्ही फक्त चाळीतली अडचण सांगा," असं बजावून कॅमेरा सुरू केला. मामांनी ठेवणीतली टोपी घातली आणि डिसेंबर २०२३च्या निर्यातबंदीपासून सुरुवात केली. तिथून मागे जात ऑगस्टमधल्या ४० टक्के निर्यातशुल्कावर पोचले तेव्हा वेळ संपली होती. यंत्र चित्रात आलंच नाही.

मग मामी चहा घेऊन आल्या. चाळीच्या तोंडाशीच थबकल्या, नाक जरा वर केलं आणि म्हणाल्या, "डाव्या कोपऱ्यात बघा. खालून." मामांनी खालच्या थरात हात घातला. काळपट पाणी सुटलेला कांदा बाहेर आला, त्याला चिकटून आणखी दोन. डबी त्याच कोपऱ्यात टांगलेली होती. आम्ही चहा प्यायलो, कांदे फेकले, हात धुतले, गाईला चारा टाकून आलो आणि तासाभराने भोंगा वाजला. सरासरी अचूक होती.

परीक्षकांपुढे आता हे कसं मांडावं याच्या विवंचनेत मी असताना मामा भोंग्याकडे कौतुकाने बघत होते. पलीकडच्या वस्तीवरची कुत्री अजून भुंकत होती.

"भाचेबुवा, ते वास घेणारं काढून घेऊन जा," ते म्हणाले. "भोंगा तेवढा राहू द्या. भाव चढला की चाळीवर चोर येतात."

अर्जातला विभाग 'शेती'वरून 'सुरक्षा' केलाय. तिथला पहिला प्रश्न आहे, 'आपल्या उपकरणात नवीन काय?' मामींचं नाव सहसंशोधक म्हणून टाकावं असं माझ्या मनात आहे, पण त्या विचारतायत की बक्षीस रोख मिळणार का.