सुखी डिटेक्टिव्ह चालत नाही का?

भाच्याने आग्रह केला म्हणून गणेश चवथीच्या सुट्टीत एक नवी क्राइम सिरीज बघायला घेतली. तिसऱ्या एपिसोडला सोडली. (नाव सांगत नाही, भाचा इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहे.) त्यातला खासगी डिटेक्टिव्ह बघून मीच दमलो. मुलगी वारलेली, बायको सोडून गेलेली, पोलिसातली नोकरी गेलेली. रात्रभर झोप नाही. फ्रीज उघडला की एक बाटली आणि अर्धं सुकलेलं लिंबू. खून झालाय दुसऱ्याच एका बिचाऱ्या बाईचा, आणि आपण तीन तास ह्याचं तोंड बघतोय. मी बायकोला म्हटलं, ह्याला आधी नीट जेवायला घाला, केस नंतर बघू.

बरं, हा एकटाच असा असता तर गोष्ट वेगळी. आताशा पडद्यावरचा कुठलाही डिटेक्टिव्ह उचला, त्याला एक जखम दिलेली असतेच. जणू जखमेशिवाय लायसन्स मिळत नाही.

मी ज्याच्यावर वाढलो त्याच्याकडे असलं काही नव्हतं. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चॅटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ सुरू झाली. रजित कपूर डिटेक्टिव्ह ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित, आणि त्याची बायको सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी. ‘आभाळमाया’ पुढे काही वर्षांनी आली, पण आमच्या आजीने शेवटपर्यंत तिला ‘सत्यवती’च म्हटलं. आमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, अँटेना कौलांवर, आणि अँटेनाच्या समोर शेजाऱ्यांचा माड. वारा सुटला की कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवर मुंग्या धावायला लागायच्या. मग मी वर, बाबा खिडकीत आणि आजी टीव्हीसमोर, अशी आमची साखळी. बाबांचं दर वेळी एक ठरलेलं वाक्य : “ब्योमकेश नव्हे रे, व्योमकेश. शंकराचं नाव आहे.”

ब्योमकेश धोतर नेसतो, सिगरेट ओढतो, नोकर पुंटीराम चहा आणतो, तो चहा पितो. अजितची टिंगल करतो. एका केसमध्ये संशयिताची बहीण भेटते, ती आवडते, तिच्याशी लग्न करतो. आणि लग्नानंतर ती मरत नाही! आजच्या लेखकाने दुसऱ्या सीझनमध्ये तिला नक्की मारली असती. इथे ती नवऱ्याशी भांडते, त्याच्या थापा पकडते. आजीचं सर्टिफिकेट होतं : “हो मनीस बरो. बायलेक सांगून भायर सरता.” (हा माणूस चांगला, बायकोला सांगून बाहेर पडतो.)

म्हणजे ह्या माणसाच्या वाट्याला दुःख आलंच नाही, असं नाही. एका कथेत तो आपल्या आईवडिलांबद्दल सांगतो. वडील गणिताचे मास्तर. तो सतरा वर्षांचा असताना दोघंही क्षयाने गेले, पुढे स्कॉलरशिपवर शिकला. झालं, एवढंच. बत्तीस पूर्ण कथा आणि एक अर्धवट राहिलेली, त्यात हे एकदा येतं आणि जातं. आताच्या एखाद्या रायटर्स रूमच्या हाती हे लागलं असतं तर पहिला अख्खा सीझन सॅनेटोरियममध्ये गेला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ब्योमकेशचं डोकं स्वतःच्या दुःखाने भरलेलं नाही म्हणून त्यात दुसऱ्याचं बोलणं मावतं. तो ऐकतो. पलंगावर तक्क्याला टेकून, डोळे अर्धवट मिटून ऐकत बसतो, आणि समोरचा नको ते बोलून जातो. स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेणं त्याला आवडत नाही, ‘सत्यान्वेषी’ म्हणतो. लहानपणी हा शब्द मला शाळेच्या बोधवाक्यासारखा वाटायचा. आता वाटतं, बरोबर आहे, डिटेक्टिव्ह माणूस शोधतो, हा नुसता काय घडलं ते शोधतो. माणसाचं पुढे काय करायचं ते मग ठरवतो, आणि दर वेळी पोलिसांच्या हवाली करतोच असंही नाही.

परवा सगळे भाग पुन्हा काढून बसलो. आज बघताना सेट पुठ्ठ्याचे वाटतात, हे मान्य. मारामारी नाही, पाठलाग जवळपास नाही, माणसं खोलीत बसून बोलतात. पण आमच्याकडे जत्रेला देवळाच्या पटांगणात अख्खी रात्र मराठी नाटक बघणारी माणसं. आम्हाला बोलणाऱ्या माणसांकडे बघत बसायची सवय होती. मागचा पडदा हलला तर हलला, वाक्य नीट टाकलं की नाही ते बघायचं. आजी तर खुनी कोण हे खुनी किती ‘बरी अ‍ॅक्टिंग’ करतो त्यावरून सांगायची, आणि दहातल्या सात वेळा बरोबर यायची. २०१५ साली आलेला हिंदी सिनेमाही मी बघितला. दिसायला देखणा, पण सगळे एवढ्या घाईत की कोणी कोणाचं ऐकूनच घेत नाही.

मूळ लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय. पहिली कथा १९३२ ची. १९३८ मध्ये ते सिनेमासाठी लिहायला मुंबईला आले, आणि मधली जवळजवळ पंधरा वर्षं त्यांनी ब्योमकेशला हात लावला नाही. १९५२ मध्ये पुण्याला राहायला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. म्हणजे हिशेब केला तर कलकत्त्याच्या ह्या बाबूच्या निम्म्याहून जास्त कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही त्यांनी बंगालीतल्या मुलांसाठी लिहिल्या. हे मला चाळिशीत कळलं. बाबांना सांगायला हवं होतं.

सगळ्यात आवडता भाग म्हणजे ग्रामोफोनच्या पिनांचा. (तीस वर्षं होऊन गेली, आता स्पॉयलर कसला!) कलकत्त्यात भर रस्त्यात माणसं पडून मरतायत, काळजात ग्रामोफोनची पिन. आवाज नाही, बंदूक नाही. पिन सुटते ती सायकलच्या घंटीतून. रस्त्यात सायकलची घंटी वाजली तर कोण वळून बघतो? रोजचा आवाज कानाला ऐकूच येत नाही. सगळी खुबी त्यात आहे.

हे बघितल्यानंतर आठवडाभर मला आमच्या पोदेराची भीती वाटत होती. गोव्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, पोदेर म्हणजे सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव विकणारा. मागे भली मोठी टोपली, वर निळं प्लॅस्टिक, हँडलला रबरी हॉर्न. पों पों. तो रोज प्रत्येक दारात थांबतो, प्रत्येकाचा आकडा त्याला पाठ. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं पोट बिघडलं, कोण रागाने जेवत नाही, सगळं त्याला उंड्यांच्या (आमच्याकडच्या गोल पावांच्या) हिशेबात कळतं. परवाच मला म्हणाला, “आयज दोनूच? घरकान्न कुळारा गेल्या?” (आज दोनच? बायको माहेरी गेलीय?) गेली होती. आदल्या संध्याकाळी.

गोव्यात खासगी डिटेक्टिव्हला पोट भरायला काय मिळणार, असा प्रश्न मला नेहमी पडतो. खऱ्या आयुष्यात ह्या धंद्याला आपल्या देशात धड कायदाही नाही. २००७ मध्ये राज्यसभेत एक विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झालाच नाही. ह्या लोकांना अटकेचा अधिकार नाही, झडतीचा नाही. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. आमच्या नात्यात एकांनी मुंबईच्या एजन्सीकडून मुलाची माहिती काढली होती. तीन टाइप केलेली पानं आली. पगार, फ्लॅटचं कर्ज, शनिवारी कुठल्या बारमध्ये बसतो. आजीने ती पानं बाजूला ठेवली आणि फोन लावून विचारलं, “महाजन खंयच्या देवळाचे?” म्हणजे, घराणं कुठल्या देवळाचं? देऊळ कळलं की पुढचे तीन फोन आणि अर्धा दिवस, मुलाच्या आत्याने माहेरी परत यायचं का ठरवलं तेसुद्धा बाहेर.

आणि पडद्यावर मात्र गोव्यात डिटेक्टिव्ह आला की काय दिसतं? ड्रोनमधून किनारा, वाळूत प्रेत, एक रशियन, एक ड्रग्जवाला, आणि पिवळ्या भिंतींच्या घरात एकटी म्हातारी आंटी. दोन वर्षांमागे एका सिरीजवाल्यांचा माणूस फोंड्याकडे माझ्या मित्राचं घर शूटिंगसाठी बघायला आला. दीडशे वर्षांचं घर, मधोमध राजांगण, दारात रंगवलेलं तुळशीवृंदावन. त्याला राजांगण फार आवडलं. तुळस मात्र काही दिवस झाकता येईल का, म्हणून विचारलं. प्रेक्षक गोंधळतात म्हणे, त्यांना ते गोवा वाटत नाही. मित्राच्या आईने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. असल्या लोकांनी केलेल्या सिरीजमध्ये पोदेर असलाच तर कोपऱ्यात सुंदर सायकल चालवताना असतो. जबाब देताना कधी नसतो.

ब्योमकेश टीव्हीवर लागायचा त्याच सुमारास आमच्या वाड्यावर एक चोरी झाली होती. एक घर वर्षभर बंद असायचं, मालक मुंबईला, चवथीला तेवढे यायचे. त्या घरातली कमरेएवढी पितळी समई आणि एक चांदीचा कलश गेला. कुलूप शाबूत, कौल एकही सरकलेलं नाही. पोलिस अकराच्या सुमारास आले, शेजाऱ्यांचे जबाब घेतले, भटजींचा घेतला, आणि त्या परड्यात नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याला घेऊन गेले. पोदेराला कोणी विचारलं नाही. तो साडेसहाला येऊन गेलेला असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने त्याला दारात थांबवून घेतलं. मी दात घासत तिथेच होतो. त्याने सांगितलं, त्या बंद घराच्या वळणावर त्याची कधीच विक्री नाही, पण मागच्या आठवड्यात लागोपाठ दोन सकाळी एका पोराने सहा-सहा उंडे घेतले. बोलणं मुंबईचं, पन्नासची नोट, दर ठाऊक नाही. आजीने एकच विचारलं : “पाव म्हणालो काय उंडो?”

पोदेर जरा थांबला. म्हणाला, “उंडो.”

झालं. मुंबईचं बोलणारा पण उंड्याला उंडाच म्हणणारा, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत इथे लहानाचा मोठा झालेला. कुलपाची दुसरी चावी कोणाकडे असते तेही ठाऊक असलेला. मालकांचा पुतण्या. त्या संध्याकाळी बाबांनी तिठ्यावरच्या एसटीडी बूथवरून मुंबईला फोन लावला. चार दिवसांनी समई गोणपाटात बांधून रातराणी बसने परत आली. कलश आला नाही. मालकांनी तक्रार मागे घेतली, पुतण्याचं नाव कधी कोणी मोठ्याने घेतलं नाही. पोलिसांकडे न जाता निकाल, अगदी ब्योमकेशसारखा. बाराव्या वर्षी मला आजीचा केवढा अभिमान वाटला होता! शाळेत तीन दिवस मी तेच सांगत होतो.

पाडेल्याला दोन दिवस चौकीवर बसवून ठेवलं होतं. हे मी शाळेत सांगितलं नव्हतं. तो सुटला तोही चोरी त्याची नाही असं कोणी म्हटलं म्हणून नव्हे, तक्रारच मागे घेतली म्हणून. नाव झाकायचं तर पुतण्याचं झाकलं, त्याचं उघडंच राहिलं. समई आली त्या दिवशी आजीने त्याला जेवायला बोलावणं पाठवलं. तो आला नाही. पुढच्या पाडपाला आमच्या माडांवर दुसऱ्याच कोणाला बोलवावं लागलं.