दोन पोर्ट जोडूनही 940च? प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी तिच्यात कामाची माहिती भरपूर आहे, म्हणून उत्तर जरा लांबलं तर चालवून घ्या.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. जुन्या पीसीवर लिनक्स टाकून केलेल्या राउटरचे दोन गिगाबिट पोर्ट तुम्ही माझ्या लेखाप्रमाणे 802.3एडी मोडमध्ये (यात दोन्ही टोकं एलएसीपी नावाच्या प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलून जोडणी ठरवतात) बाँड केले, म्हणजे एकत्र जोडले, आणि स्विचवर (केबलने आलेली उपकरणं एकमेकांना जोडणारा डबा) त्यांचा ग्रुप केला. तरी 2.5 गिगाबिटचं कार्ड असलेल्या पीसीवरून आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) 940 मेगाबिटच्या वर जाईना, आठ स्ट्रीम (एकाच वेळी आठ कनेक्शनं) लावूनही नाही. वर निम्म्या उपकरणांना आयपी पत्ताच मिळेना. वैतागून बॅलन्स-आरआर (पॅकेट आळीपाळीने पोर्टांवर वाटणारा मोड) लावलंत तर सगळं सुरळीत, आणि वेग दीड गिगाबिट. सबब एलएसीपी हे थोतांड, आणि लेख दिशाभूल करणारा.

लक्षणं खरी आहेत, निदान पटत नाही. या तक्रारी वेगवेगळ्या वाचल्या तर काहीच उलगडत नाही. एकत्र वाचल्या तर बोट सरळ स्विचकडे जातं: ग्रुप स्टॅटिक प्रकारचा आहे, एलएसीपीचा नाही.

पुरावा तुम्हीच चिकटवला आहे. प्रॉक-नेट-बाँडिंगमधल्या, बाँडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलच्या त्या मजकुरात पार्टनर मॅक अ‍ॅड्रेस 00:00:00:00:00:00 आहे (मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, पार्टनर म्हणजे पलीकडचं टोक), आणि पहिल्या पोर्टचा अ‍ॅग्रिगेटर आयडी (पोर्टांच्या गटाचा क्रमांक) 1, दुसऱ्याचा 2. म्हणजे पलीकडून एलएसीपीचं एकही पॅकेट आलेलं नाही. जोडीदारच सापडला नाही म्हटल्यावर लिनक्सने दोन्ही पोर्ट वेगळ्या अ‍ॅग्रिगेटरमध्ये ठेवले आणि त्यातला एकच कामाला लावला. दुसऱ्याचा दिवा लुकलुकतो, पण बाँडच्या लेखी तो पोर्ट बाद.

स्टॅटिक ग्रुपमधला स्विच मात्र समोरच्याला काही विचारत नाही. दोन्ही पोर्टांवर लिंक दिसली की तो फ्रेम दोन्हींवर वाटत सुटतो, आणि कुठली फ्रेम कुठे हे बहुतेक साधे स्विच मॅक पत्त्यांवरून ठरवतात. ज्या उपकरणाची डीएचसीपीची, म्हणजे आयपी पत्त्याची, मागणी बाद पोर्टावर आली, तिला उत्तर मिळणार नाही. खात्री करायची असेल तर त्या पोर्टावर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा, मागणी आलेली दिसेल. बाँडवर लावा, दिसणार नाही. आणखी एक बघा: काही उपकरणांना आयपी मिळूनही नेट चालत नसेल. डीएचसीपीची मागणी ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून, असते, नंतरची रहदारी थेट राउटरच्या मॅकवर जाते. पत्ता बदलला की स्विचचं गणित बदलतं आणि तेच उपकरण दुसऱ्या पोर्टावर जाऊन आपटतं. हा प्रकार डोकं फिरवतो, कारण राउटरवरची सगळी सेटिंग्ज बरोबर असतात.

बॅलन्स-आरआर का चाललं, याचंही उत्तर इथेच आहे. त्या मोडला स्विचशी बोलायचंच नसतं. त्याला पलीकडे स्टॅटिक ग्रुपच लागतो, आणि तुमच्याकडे तो आयता होता.

दीड गिगाबिट हा आकडा राउटर पाठवत होता तेव्हाचा असावा. आरआर फक्त पाठवताना पॅकेट आळीपाळीने वाटतं. येणारी रहदारी कुठल्या पोर्टावर टाकायची ते स्विच ठरवतो. दिशा उलटी करून बघा, 940वर याल. शिवाय आयपर्फच्या रेट्र रकान्यावर (पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांची संख्या) नजर टाका. एकाच कनेक्शनची पॅकेट दोन वाटांनी गेली की मागची पुढे पोचतात, आणि टीसीपी ती हरवली समजून पुन्हा पाठवतं. अशी उलथापालथ होऊ नये म्हणूनच 2000 सालच्या 802.3एडीमध्ये (2008पासून तेच 802.1एएक्स) एक संवाद एकाच लिंकवर ठेवायची अट आहे.

आता 940. 1500 एमटीयूच्या (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) गिगाबिट लिंकवर हेडर आणि फ्रेममधलं अंतर वजा जाता टीसीपीच्या वाट्याला साधारण 941 मेगाबिट येतात. म्हणजे एक लिंक पूर्ण भरली. पण बाँड उत्तम चालू असतानाही एका स्ट्रीमला एवढंच मिळणार, आणि बाँड अर्धा मेलेला असतानाही एवढंच. म्हणून वेग मोजून बाँडची तब्येत कळत नाही. आधी ती फाइल वाचायची, मग आयपर्फ.

करायचं काय? आधी बाँडची एक केबल काढा, नाहीतर अर्धवट बदल करून स्विचच्या सेटिंगच्या पानाबाहेर अडकून बसाल. ग्रुपचा प्रकार एलएसीपी करा. व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्क) असतील तर ते सुट्या पोर्टांवर न ठेवता ग्रुपवर ठेवा. राउटर पुन्हा 802.3एडीवर आणा, केबल लावा, फाइल उघडा. दोन्ही आयडी सारखे, पार्टनर मॅक स्विचचा आणि पोर्टांची संख्या 2 दिसली की जुळलं. पार्टनर दिसूनही आयडी वेगळे राहिले तर दोन्ही पोर्टांचा स्पीड बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एक तुटली की पोर्ट 100वर उतरू शकतो, आणि वेगळ्या स्पीडचे पोर्ट एका अ‍ॅग्रिगेटरमध्ये बसत नाहीत.

मग हॅश पॉलिसी, म्हणजे कुठलं पॅकेट कुठल्या लिंकवर टाकायचं ते ठरवणारा नियम. लिनक्समध्ये ती मुळात लेयर 2 असते, म्हणजे मॅक पत्ते बघणारी. राउटर आणि तुमचा पीसी ही मॅकची एकच जोडी, त्यामुळे आठच काय, ऐंशी स्ट्रीमही एकाच लिंकवर जातील. लेयर 3+4 केलीत की प्रत्येक कनेक्शनचे पोर्ट क्रमांकही (हे केबलचे पोर्ट नव्हेत) हिशेबात येतात. वाटणी चार-चार होईलच असं नाही, पाच-तीनही होईल. उलट दिशेला स्विच फक्त मॅकच बघत असेल तर एका पीसीवरून 940च्या वर जाता येणार नाही, लिनक्सवर काहीही बदला. अनेक उपकरणं एकदम चालतात तेव्हा मात्र रुंदी वापरली जाते, आणि लेखात मी बाँड सुचवला तो त्यासाठीच.

एकाच पीसीला एकाच डाउनलोडसाठी जास्त वेग हवा असेल तर राउटरला 2.5 गिगाबिटचं कार्ड लावा, असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. अगदी बरोबर, त्यावर माझा वाद नाही.

ग्रुपचा प्रकार बदलल्यावर फाइलमधला नवा मजकूर आणि दोन्ही दिशांचे रेट्र आकडे इथेच टाका. पार्टनर मॅक तरीही शून्यच राहिला तर दोन्ही पोर्टांवर ईथरटाइप 8809ची (एलएसीपीच्या पॅकेटांवरची खूण) टीसीपीडम्प लावून, त्यात येणारी पॅकेट दिसतात की फक्त जाणारी, तेवढंही कळवा.