गाणी मिळाली, प्रेमाची धून अजून सिनेमातच अडकली आहे

हिंदी सिनेमातला सगळ्यात हळवा प्रेमप्रसंग कुठला, असं कुणी विचारलं तर मी एकही गाणं सांगणार नाही. मी 'शोले'तली हार्मोनिका सांगेन. जय वाजवत बसलेला असतो, समोर हवेलीत राधा एकेक दिवा मालवत जाते. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. जे काही बोलायचं ते राहुलदेव बर्मनची धून आणि भानू गुप्तांची फुंकर बोलते. १९७५ साली 'शोले'च्या गाण्यांची तबकडी आली, तिच्यात गाणी होती, शीर्षकसंगीतही होतं. ही हार्मोनिका नव्हती. पुढे संवादांचीही तबकडी निघाली आणि घराघरांत गब्बर पाठ झाला. जय-राधाच्या त्या धुनेला स्वतःची म्हणून जागा काही मिळाली नाही.

चित्रपटसंगीतावर जीव असलेल्या प्रत्येकाच्या मनात अशी एक तरी धून असते. नायक-नायिका पहिल्यांदा समोरासमोर येतात तेव्हा बासरीवर चार स्वर ऐकू येतात. मध्यंतराच्या आसपास तेच चार स्वर व्हायोलिनच्या ताफ्यावर फुलतात. ताटातूट होते तेव्हा तेच स्वर एकटी सारंगी घेते, आणि पोटात कालवतं. संगीतकाराने अडीच-तीन तास एक गोष्ट शब्दांशिवाय सांगितलेली असते. गाणं पाच मिनिटांत सगळं उलगडून मोकळं होतं. ही धून मात्र थांबत थांबत, प्रसंगाच्या आडून वाढत जाते. म्हणून ती सलग, एकापाठोपाठ एक ऐकायला मिळावी असं वाटतं. आणि नेमकी तीच मिळत नाही.

का मिळत नाही, याचं कारण कामाच्या पद्धतीत आहे. गाणी आधी तयार व्हायची. ती रेकॉर्ड कंपनीकडे जायची, विकली जायची, रेडिओवर वाजायची. पार्श्वसंगीत अगदी शेवटी, प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना. पडद्यावर रीळ चालू, समोर वादक बसलेले, हातात घाईघाईने उतरवलेली स्वरलिपी. प्रसंग चाळीस सेकंदांचा असेल तर संगीतही चाळीस सेकंदांचंच. मग ते मिक्सिंगला जायचं. मुंबईच्या राजकमल स्टुडिओत मंगेश देसाईंसारखा ध्वनिमुद्रक संवाद, घोड्यांच्या टापा, वारा आणि संगीत यांचा असा मेळ घालायचा की कान तृप्त व्हावेत. (देसाईंवर एक स्वतंत्र पोस्ट लिहायला हवी, इतकं मोठं काम आहे त्यांचं.) पण एकदा हा मेळ झाला की नुसत्या संगीताच्या रिळाला कुणी विचारत नसे. त्याचं करायचं काय? ते विकायचं असतं, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यात अ‍ॅसिटेटवरच्या चुंबकीय फिती दमट हवेत आंबतात, त्यांना व्हिनेगरसारखा वास येतो, मग त्या आक्रसतात आणि वाजेनाशा होतात. आपल्याकडे किती प्रेमकथांचं संगीत अशा डब्यांमध्ये आंबून गेलं असेल, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

अमेरिकेत अडचण वेगळी. तिथे वादकांची संघटना पक्की. चित्रपटासाठी वाजवलेलं संगीत अल्बम म्हणून बाहेर काढायचं तर वादकांना पुन्हा मानधन द्यावं लागतं. मोठा वाद्यवृंद असेल तर हा आकडा फुगायचा, म्हणून कित्येक वर्षं तिथले अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचे निघत. काही चाहते यासाठी संघटनेला दोष देतात. मला ते पटत नाही. ज्या व्हायोलिनवादकाच्या गजावर आपण रडतो, त्याला त्याच्या वाजवण्याचे पैसे मिळायलाच हवेत. आपल्याकडे वादकांची नावंसुद्धा तबकडीवर छापली जात नव्हती. त्यापेक्षा तिथला खर्चिक नियम लाख पटीने बरा.

आणि तिथेही वाट पाहणं सुटलेलं नाही. १९४७ सालचा 'द घोस्ट अँड मिसेस म्यूर' घ्या. समुद्रकाठच्या घरात राहणारी विधवा आणि त्या घरातल्या कप्तानाचं भूत यांची प्रेमकथा. संगीत बर्नार्ड हरमनचं, आणि हे त्याचं स्वतःचं लाडकं काम. समुद्र, एकटेपणा आणि कधीच पूर्ण न होणारी ओढ हे सगळं त्याने एकाच वाद्यवृंदात बसवलं आहे. १९७५ साली एल्मर बर्नस्टाइन या दुसऱ्या संगीतकाराने पुढाकार घेऊन ते नव्याने ध्वनिमुद्रित केलं. एका संगीतकाराने दुसऱ्याच्या संगीतासाठी एवढी धडपड करावी, याचं मला फार अप्रूप आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हरमन गेला. आणि १९४७ चं मूळ ध्वनिमुद्रण सीडीवर आलं १९९७ साली. पन्नास वर्षं! पन्नास वर्षं कुणीतरी त्याची आठवण काढत राहिलं, म्हणून ते आलं.

'एवढी हौस आहे तर सिनेमाच लावून ऐका ना' हा सल्ला मला नेहमी मिळतो. सिनेमा लावतोच. पण तिथे धून ऐन भरात येते आणि नायिकेची आई बोलायला लागते. दार वाजतं, गाडी सुरू होते. काही जण ५.१ म्हणजे वेगवेगळ्या स्पीकरांसाठी वेगवेगळ्या चॅनेलमध्ये विभागलेल्या आवाजातून मधला, संवादांचा चॅनेल बंद करून उरलेलं संगीत जमवतात. आता यंत्रालाच शिकवून आवाज वेगळे करण्याचं तंत्र आलंय. बीटल्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर ते वापरलं गेलं आणि परिणाम थक्क करणारा होता. पण तिथे मूळ टेप हातात होत्या आणि माणसं कसलेली होती. सिनेमाच्या घट्ट झालेल्या साउंडट्रॅकमधून चाहत्यांनी उपसून काढलेलं संगीत ऐकणं म्हणजे दाराच्या फटीतून मैफल ऐकणं. मीही तसं ऐकतो, प्रेमाने ऐकतो, पण त्यावर समाधान मानायला मी तयार नाही.

मागणी नाही, हे कारण तर मला मुळीच मान्य नाही. 'पाकीजा'चं पाहा. त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये गेले, चित्रपट आला १९७२ मध्ये. पार्श्वसंगीत नौशादसाहेबांनी पूर्ण केलं. गुलाम मोहम्मद यांनी केलेली कितीतरी गाणी चित्रपटात आलीच नाहीत. १९७७ साली ती 'पाकीजा रंग बरंग' नावाने तबकडीवर आली आणि लोकांनी ती उराशी धरली. मदनमोहन १९७५ मध्ये गेले. त्यांच्या न वापरलेल्या चाली मुलाने, संजीव कोहलींनी, जपून ठेवल्या, म्हणून २००४ मध्ये 'वीर-जारा' त्या चालींवर उभा राहिला. नव्या पिढीने त्या जुन्या म्हणून नाही, आपल्या म्हणून गुणगुणल्या. दोन्ही वेळा कुणीतरी ठेवा सांभाळला होता आणि कुणीतरी तो लोकांपुढे ठेवायची हिंमत केली.

आता तर तबकड्या छापायचाही खर्च नाही. परदेशात ला-ला लँड, इंट्राडा यांसारख्या छोट्या कंपन्या हजार-तीन हजार प्रती काढून हे काम करतात. आपल्याकडे स्ट्रीमिंगवर नुसतं चढवलं तरी पोहोचेल. अडथळा हक्कांचा आहे हे मी मान्य करतो. गाण्यांचे हक्क एकाकडे, चित्रपटाचे दुसऱ्याकडे, आणि पार्श्वसंगीत नेमकं कोणाचं हे करारात धड लिहिलेलंच नाही, असं होतं. पण जिथे निर्मात्याचं कुटुंब हयात आहे, संगीतकाराची मुलं आहेत, तिथे एकदा एकत्र बसून हे सुटू शकतं. नव्या चित्रपटांना तर सबबच नाही. आज प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होतं, फाइल संगणकात असते. गाण्यांसोबत वीस मिनिटांचं पार्श्वसंगीत द्यायला काय हरकत आहे?

जुन्या चित्रपटांबाबत माझं मागणं एवढंच आहे. ज्यांच्या घरी, गोदामात, माळ्यावर असे डबे असतील त्यांनी ते उघडून जाणकाराला दाखवावेत, आणि लवकर दाखवावेत, कारण फिती वाट पाहत नाहीत. मूळ टेप सापडलीच नाही तर स्वरलिपीवरून नव्याने वाजवा. स्वरलिपीही गेली असेल तर कानाने ऐकून उतरवा, आजही अशी माणसं आहेत. पण मूळ असेल तर आधी मूळच द्या. सोबत संयोजकाचं आणि प्रत्येक वादकाचं नाव छापा. टेपवर खरखर असली, मधेच कुणी 'वन, टू' म्हटलेलं ऐकू आलं, शेवटचे दोन सेकंद तुटलेले असले, तरी चालेल. साफसूफ करत बसू नका, आहे तसं द्या.