‘हिप डिस्प्लेशिया फरशीमुळे होतो’ या मेसेजचं काय करायचं?

हिप डिस्प्लेशिया म्हणजे कुत्र्याच्या खुब्याचा सांधा सैल राहून नीट न घडण्याचा आजार. श्वानपालकांमध्ये सध्या त्याबद्दल एक मेसेज फिरतोय. ‘आई-बाप दोघांचे एक्स-रे स्वच्छ असूनही पिल्लाचा खुबा बिघडतो, म्हणजे हा आजार आनुवंशिक नाही. दोष गुळगुळीत फरशीचा. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन सी सुरू करा, पिल्लू गुबगुबीत ठेवा, फिरवू नका. लंगडत असेल तर वाढलं की सुटेल.’ प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

‘आई-बाप स्वच्छ, म्हणजे आनुवंशिक नाही.’ हा निष्कर्ष एकाच जनुकाच्या आजाराला लागू पडला असता. हिप डिस्प्लेशियामागे अनेक जनुकं आहेत, प्रत्येकाचा वाटा थोडा. स्वतःचा खुबा चांगला असलेली जोडीही त्यातली बरीचशी जनुकं पिल्लांना देऊ शकते. म्हणून फक्त आई-बापांचे एक्स-रे पुरत नाहीत. त्यांची भावंडं आणि आधीच्या विणीतली पिल्लं कशी आहेत तेही ब्रीडरला विचारा. एक्स-रे कोणत्या वयात काढला हेही महत्त्वाचं. कुत्र्यांच्या खुब्याचे एक्स-रे तपासून दाखला देणारी अमेरिकेतली ओएफए ही संस्था २४ महिन्यांच्या आधी अंतिम दाखला देत नाही. दहा महिन्यांच्या कुत्र्याचा ‘क्लिअर’ रिपोर्ट दाखवून कोणी वीण विकत असेल, तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा.

‘दोष फरशीचा.’ खुबा हा उखळीचा सांधा. जन्मतः तो बहुधा ठीक असतो. जनुकांमुळे पुढच्या आठवड्यांत सैल पडतो, मांडीच्या हाडाचं डोकं खोबणीत नीट बसत नाही आणि खोबण उथळ घडते. घट्ट सांध्याच्या पिल्लाला फरशी हा आजार देत नाही. सैल सांध्यावर मात्र प्रत्येक घसरण भार टाकते, त्यामुळे रबरी चटया टाकाच. जिन्याबद्दलचा इशारा अधिक पक्का आहे. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्यांमध्ये धोका जास्त दिसला.

त्याच अभ्यासात मऊ, किंचित उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्या पिल्लांमध्ये तो कमी होता. तेव्हा ‘फिरवू नका’ हा सल्ला उलटा आहे. मांडीचे स्नायूच सांध्याला धरून ठेवतात. टाळायचं ते चेंडूमागे वारंवार पळवणं, उंचावरून उड्या आणि जिना.

‘गुबगुबीत ठेवा.’ सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. ४८ लॅब्राडॉरवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात एकाच विणीतल्या भावंडांच्या जोड्या केल्या आणि एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं. वंश तोच, तरीही कमी खाणाऱ्यांत खुब्याचा बिघाड बराच कमी निघाला, सांधे उशिरा झिजले, आणि मध्यक आयुष्य (ज्या वयापर्यंत निम्मी कुत्री जगली ते वय) ११.२ वरून १३ वर्षांवर गेलं. जनुकं बदलता येत नाहीत, वाडग्यातलं माप येतं. बरगड्या हलक्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून पाहताना कंबर दिसली पाहिजे. भांडं दिवसभर भरलेलं ठेवू नका.

‘कॅल्शियम द्या.’ साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही. ते हाडांत जातं आणि हाडांची घडण बिघडवतं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं संतुलित अन्न देत असाल, तर वर पावडर नको. व्हिटॅमिन सी कुत्र्याचं यकृत स्वतःच बनवतं. ते दिल्याने खुबा सुधारतो याला आधार नाही.

‘वाढलं की सुटेल.’ काही पिल्लांचं लंगडणं वर्षभराच्या सुमारास खरंच कमी होतं. सांध्याभोवती जाड ऊती तयार होते, वेदना घटते; बिघाड तसाच राहतो आणि पुढे संधिवात होऊन लंगडणं परत येतं. पळताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलणं, उठताना वेळ लावणं, कंबर डुलवत चालणं दिसलं तर पशुवैद्यांकडून भुलीखाली ऑर्टोलानी चाचणी (सांधा खोबणीतून निसटतो का हे हाताने पाहणं) आणि एक्स-रे करून घ्या. जागेपणी ताठलेले स्नायू सैलपणा लपवतात. सैलपणा मोजणारी पेनहिप पद्धत १६ आठवड्यांपासून करता येते. जघनास्थीची वाढ थांबवून खोबणीची दिशा सुधारणारी छोटी शस्त्रक्रिया मात्र साधारण १२ ते २० आठवड्यांतच उपयोगी पडते. मोठ्या जातीचं पिल्लू असेल, तर ही तपासणी लसीकरणाच्या फेऱ्यांतच उरकून घ्या.