१,९९९ रुपयांत १६ टीबी मिळत नाही: ग्रुपवरच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. मालवण तालुक्यातलं गाव, रेंज धड नाही, म्हणून ती ओरडूनच बोलते. "रे झिला, नावां सगळी दिसतत, पण एक फोटो उघडत नाय." कुडाळात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एवढ्यावरून काय झालंय ते मला कळलं, कारण या पावसाळ्यात हेच सांगणारी ती चौथी.

डिस्क कुठून घेतलीस विचारलं, तर म्हणाली, "ग्रुपार इल्ला, म्हणान घेतलंय." तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: मोठ्या कंपन्या लुटतात, एक टीबी (टेराबाइट, म्हणजे हजार जीबी) सांगून ९३१ जीबीच देतात. फिरणाऱ्या हार्डडिस्कचा जमाना गेला. ही १६ टीबीची एसएसडी (चिपवर साठवणारी, आत काही न फिरणारी डिस्क) घ्या, फक्त १,९९९ रुपये, आयुष्यभर बघायला नको. सगळे फोटो एकदा टाका आणि मोबाईल रिकामा करा. बिघडायची झालीच तर आधी आवाज करते, कॉपी करायला वेळ मिळतो. पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात ठेवा. खाली लिंक.

मावशीने तसंच केलं. दोन मोबाईल आणि मुलाचा जुना लॅपटॉप, मिळून १८० जीबीच्या आसपास. सगळं त्या डबीत टाकलं, यादी दिसते हे बघितलं आणि मोबाईल रिकामे केले. त्यात काकांचा व्हिडिओ होता. गावच्या जत्रेत हौशी दशावतारात त्यांनी केलेला संकासुर, पाऊण तासाचं शूटिंग. काका गेल्या वर्षी गेले. चतुर्थीला मुंबईहून मुलं आली की टीव्हीला लावून सगळ्यांनी बघायचं, असं तिने ठरवलं होतं.

ती डबी मी दुकानात आणली. उघडत होतं तेवढं आधी बाहेर काढून घेतलं, साधारण तिसरा हिस्सा. मग स्क्रू काढले. वर चकचकीत ॲल्युमिनियमचं झाकण, आत काडेपेटीच्या अर्ध्याएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर ग्लूगनच्या गोंदाचे दोन गोळे. शेजारी वजन यावं म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. गोंद खरवडला तर खाली मोबाईलमध्ये घालतात तसलं मेमरी कार्ड, ६४ जीबीचं. १६ टीबी म्हणून विकलेली वस्तू ती हीच.

ही फसवणूक कशी चालते ते नीट समजून घ्या, कारण दिसतं सगळं बरोबर. कुठलीही डिस्क कॉम्प्युटरला जोडली की आपली जागा किती ते तीच सांगते आणि कॉम्प्युटर तिच्यावर विश्वास ठेवतो. या डबीतली चिप "१६ टीबी" असं खोटं सांगण्यासाठीच तयार केलेली असते. तुम्ही फाइल पाठवली की ती "मिळाली" म्हणते. खरी जागा संपली की पुढचं लिहिणं एक तर जुन्या फाइलींवर होतं, नाहीतर कुठेच होत नाही. फाइलींच्या नावांची यादी मात्र लहानशी असते, ती बहुतेक वेळा सुरुवातीच्या खऱ्या जागेत बसून जाते. म्हणून नाव दिसतं, साईज दिसते, तारीख दिसते, आणि आत काही नसतं. जे लिहिलंच गेलं नाही ते, गेलेल्या फाइली परत काढून देणारा रिकव्हरीवाला तरी कुठून आणणार? मावशीला हे सांगताना मला फार जड गेलं.

"पण रिव्ह्यू चांगले होते," असं चौघांनीही सांगितलं. असणारच. अशी डबी सेकंदाला २० एमबीने लिहिते असं धरलं, तरी १६ टीबी भरायला सव्वानऊ दिवस अखंड कॉपी करावी लागेल. तेवढं कोण करतं? माणूस चार फोटो टाकतो, उघडून बघतो, पाच तारे देतो. खोटं बाहेर पडेपर्यंत परत करायची मुदत टळलेली असते.

किमतीकडे बघितलं तरी पुरे होतं. मुठीत मावणाऱ्या, अडीच इंची खऱ्या हार्डडिस्क बरीच वर्षं ५ टीबीवर अडकल्या होत्या; ६ टीबीची २०२४ मध्ये आली. सॅमसंगने २०२३ मध्ये खिशात मावणारी एसएसडी काढली ती ८ टीबीची, आणि तिची किंमत घरखर्चात बसणारी नाही. नावाजलेल्या कंपनीची एक टीबीची साधी हार्डडिस्क घ्यायची तरी १,९९९ च्या दुपटीहून जास्त मोजावे लागतात. मग त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत सोळापट जागा कोण देईल?

आधीच घेऊन बसला असाल तर तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३, दोन्ही प्रोग्रॅम फुकट. डिस्क भरेपर्यंत लिहितात आणि तेच परत वाचून जुळतं का बघतात. रिकाम्या डिस्कवरच चालवा. मावशीच्या डबीवर मी फक्त २०० जीबी लिहायला लावलं. जेमतेम ६० जीबी परत आलं.

आता ९३१ जीबीबद्दल. इथे मेसेजवाल्याला थोडं मान्य करावं लागतं. एक टीबीची डिस्क विंडोजला लावली की ९३१ जीबीच दिसते हे खरं आहे, आणि खोक्यावर त्याचा खुलासा भिंग घेऊन वाचावा इतक्या बारीक अक्षरात असतो, हेही खरं. पण चोरी कोणी करत नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. वस्तू तेवढीच, मापं दोन. एवढ्या धाग्यावरून "सगळ्या कंपन्या चोर, म्हणून ही लिंक दाबा" इथवर जाणं म्हणजे लबाडी.

एसएसडी आयुष्यभर टिकते? पडली-आपटली तर हार्डडिस्कपेक्षा बरी, वेगही पुष्कळ जास्त, ते नाकारत नाही. रोजच्या लॅपटॉपला मी स्वतः एसएसडीच लावून देतो. पण फोटो भरून कपाटात ठेवून द्यायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू झिरपतो. जेडेक ही या क्षेत्रातली मानकं ठरवणारी संस्था. घरगुती एसएसडी लिहून लिहून तिच्या मर्यादेपर्यंत झिजली, तरी वीज न देता ३० अंशांत वर्षभर माहिती राहिली पाहिजे, एवढंच तिचं मानक मागतं. नवी डिस्क यापेक्षा जास्त टिकते. पण "आयुष्यभर" कुठेच लिहिलेलं नाही.

आणि ज्या वाक्याने मावशीचं नुकसान केलं ते हे: एकदा टाका, मोबाईल रिकामा करा, बिघडायच्या आधी आवाज येईल. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, मग आवाज कशाचा येणार? हार्डडिस्क कधीकधी टक-टक करते, पण तोवर बहुधा उशीर झालेला असतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त हार्डडिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक हार्डडिस्क आपल्या तब्येतीची नोंद आतच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातल्या चार खुणा बिघाडाशी सर्वांत जास्त जुळणाऱ्या निघाल्या. तरीही बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये त्या चारपैकी एकही खूण उमटलेली नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त डिस्क त्या मोठ्या खुणा न दाखवताच गेल्या, तेही रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बघणारी माणसं असताना. उलट, आतल्या तबकडीचा पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. तेव्हा इशारा आला तर त्याच दिवशी कॉपी करा. आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. एका जागी ठेवलेला फोटो, मग डिस्क कितीही महागाची असो, सुरक्षित नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात घराघरांत पाणी शिरलं तेव्हा कपाटातली डिस्क खरी की खोटी, पाण्याला काय फरक पडणार होता?

तांदळाचं बोलायलाही नको वाटतं, पण लोक खरंच तसं ठेवतात. एक गिऱ्हाईक डिस्क घेऊन आलं, तिच्या यूएसबीच्या भोकात कोंडा होता. तांदळात स्वतःचाच बारा-तेरा टक्के ओलावा असतो, तो दुसऱ्याचा काय ओढणार? आपल्याकडे दमट हवा आणि खारा वारा आहे, पिना हिरव्या पडतात, इतकी काळजी बरोबर. त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. हार्डडिस्क पुरात भिजली तर चालू करू नका आणि घरी वाळवूही नका. वाळल्यावर गाळ आणि क्षार तबकड्यांवर घट्ट बसतात. तशीच ओलसर, पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडे द्या.

मग घ्यायचं काय? घरच्या फोटोंना एक टीबी खूप होते. चार एमबीचा एक फोटो धरला तर अडीच लाख फोटो. साध्या, यूएसबीवर चालणाऱ्या अडीच इंची हार्डडिस्क घ्या, वॉरंटीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून. साडेतीन इंचीला वेगळा ॲडॅप्टर लागतो आणि आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्या भानगडीत पडू नका. आणि दोन टीबीची एक घेण्यापेक्षा एक टीबीच्या दोन घ्या. थोडे जास्त जातील, जाऊ देत. दोन्हीवर तेच भरा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. कॉपी झाली की नुसती यादी बघू नका, शेवटच्या फोल्डरमधले पाच-दहा फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून पुढेमागे करून बघा.

मावशीला मी अशा दोन आणून दिल्या. एक तिच्या कपाटात, एक माझ्या दुकानात. चतुर्थीला आणि शिमग्याला गावी जातो तेव्हा नवे फोटो भरून अदलाबदल करायची. काकांचा पाऊण तास गेला तो गेला. शेजारच्या पोराने त्या रात्री मोबाईलवर चार मिनिटं घेतली होती, व्हॉट्सॲपवरून आलेली, अंधुक, मध्येच कोणाचं तरी डोकं आडवं येतं. काकांचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू येतो. ती आता दोन्ही डिस्कवर आहे, माझ्या मोबाईलमध्येही आहे.