स्पॅनिश तांब्याच्या नाण्यांवरील फेरठसे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. १६०२ मध्ये स्पेनचा राजा तिसरा फिलिप याने तांब्याच्या नव्या नाण्यांचे वजन निम्मे केले, म्हणून १६०३ मध्ये जुन्या जड नाण्यांवर दुप्पट किमतीचा ठसा मारून दोहोंचा मेळ घातला गेला आणि त्याला मी लूट म्हणणे अन्यायाचे आहे, असा आपला आक्षेप आहे. वजनाचे गणित आपण अचूक मांडले आहे; परंतु वाढलेली किंमत कोणाच्या पदरात पडली, हे त्यात येत नाही.

चार माराव्हेदींची (माराव्हेदी म्हणजे त्या काळचे स्पेनमधील लहान चलन-एकक) शंभर नाणी कोणी टांकसाळीत नेली, असे धरू. प्रत्येकावर रोमन आठाचा आकडा उमटला की त्यांची किंमत ८०० माराव्हेदी होई. पण धारकाला परत मिळत ती मूळची ४००, म्हणजे पन्नासच नाणी, आणि वर नेण्याआणण्याचा खर्च. उरलेले तांबे राजाच्या खजिन्यात जमा होई. प्रजेच्या संमतीवाचून बसवलेला हा करच आहे, असे जेझुइट पंडित हुआन दे मारियाना यांनी १६०९ मध्ये छापून सांगितले आणि त्यासाठी त्यांना माद्रिदच्या फ्रान्सिस्कन मठात कैद भोगावी लागली. त्यांच्या धैर्याविषयी मला नितांत आदर आहे.

शिवाय मेळ घालण्याचे कारण पुढच्या ठशांना लागूच पडत नाही. १६०३ मध्ये आठ माराव्हेदींचे झालेले नाणे १६२८ मध्ये पुन्हा चारावर आले, १६३६ मध्ये त्यावर बाराचा ठसा बसला, आणि १६४२ च्या फर्मानाने बारा माराव्हेदींचे नाणे दोनावर उतरले. तांबे तेवढेच राहिले. किंमत चढवताना नफा खजिन्याचा झाला, उतरवताना तोटा मुख्यतः ज्याच्या हाती नाणे होते त्याचा.

अशी नाणी पाहताना एक गोष्ट फार खटकते. स्पेनमधील सेगोव्हिया शहराच्या टांकसाळीत पाण्यावर चालणाऱ्या रुळांच्या यंत्रांतून निघालेले नाणे मुळात गोल आणि सुबक असे. फेरठशांच्या घावांनी त्याची कड वाकडी होते, आकडे एकमेकांवर चढतात आणि त्या टांकसाळीची ओळख असलेली जलसेतूची छोटी खूण कित्येकदा पुसून जाते.

लोकांनी ही नाणी निमूटपणे स्वीकारली, हे आपले म्हणणेही मला पटत नाही. कायद्याने चांदीचा एक रियाल ३४ माराव्हेदींचा होता; बाजारात मात्र तांबे देऊन चांदी घेणाऱ्याला भरमसाट बट्टा सोसावा लागे, आणि फेरठशांच्या त्या दशकांत तो एकंदरीत वाढत गेला.